साइट नवी झाली, मानके गेली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबागेतल्या एका लहानशा खोलीत बसून मी दुसऱ्यांची संकेतस्थळे तपासण्याचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत शेव-नमकीनचे कारखानदार असतात, शिकवणीवर्ग चालवणारे असतात आणि शहरातल्या मराठी संस्थांचे कार्यवाहही असतात. बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते : ‘साइट नवी करून घेतली, दिसते फार छान, पण तेव्हापासून काहीतरी बिनसले आहे.’ या ‘काहीतरी’बद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

वेब मानके म्हणजे काय आणि ती कोण ठरवते?

एकच पान कोणत्याही ब्राउझरमध्ये, कोणत्याही यंत्रावर सारखे समजले जावे, यासाठी ठरवलेले आणि सर्वांना खुले असलेले लेखी नियम म्हणजे वेब मानके. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली. पानाची मांडणी व सजावट कशी सांगावी याचे सीएसएसचे पहिले मानक या संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. पानाचा सांगाडा ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, त्याचे मानक २०१९ च्या करारापासून ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांचा कार्यगट सांभाळतो आणि कन्सॉर्शियम त्याला साथ देते. अक्षरांचे मानक युनिकोडचे आहे. दृष्टी, श्रवण किंवा हालचाल यांत अडचण असलेल्यांना पान वापरता यावे, यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे वेगळी आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली.

हे नियम मोडल्याबद्दल ब्राउझर कोणालाही अडवत नाही, आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तेथेच आहे.

पूर्वी मोठ्या कंपन्या मानके पाळत होत्या, असे म्हणतात. ते खरे आहे का?

काही काळ ती अभिमानाची गोष्ट होती, हे खरे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस दोन मोठे ब्राउझर एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी आपापले खास टॅग (एचटीएमएलमधल्या खुणा) काढत होते आणि प्रत्येक साइट दोनदा लिहावी लागत होती. त्याविरुद्ध १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट हा व्यावसायिकांचा गट उभा राहिला. २००२ मध्ये ‘वायर्ड’ या तंत्रज्ञानविषयक मासिकाने आणि २००३ मध्ये ‘ईएसपीएन’ या क्रीडावाहिनीने आपल्या साइटवर तक्त्यांच्या चौकटीत पान बसवण्याची जुनी रीत सोडून सीएसएसच्या आधारे नवी रचना केली, तेव्हा एवढ्या मोठ्या साइटलाही हे जमते, अशी खात्री पटून अनेकांनी त्यांचा कित्ता गिरवला. २०१३ मध्ये आपले काम झाले असे समजून त्या गटाने काम थांबवले.

ब्राउझर सुधारले, एवढ्यापुरते काम झालेच होते. पण मानके पाळायची असतात ती दोघांनी, ब्राउझर बनवणाऱ्यांनी आणि साइट बनवणाऱ्यांनी. आज दोष शोधायचा तर तो बहुधा दुसऱ्या बाजूला सापडतो.

मग नवी रचना करतानाच मानके का सुटतात?

कोणी मुद्दाम ती सोडत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत जुन्या साइटची काळजी घेणारा एखादाच माणूस होता, तो दुसरीकडे गेला आणि त्याने कोणत्या गोष्टी का केल्या होत्या, हे कोठेच लिहिलेले नव्हते. नव्या एजन्सीला जुने काम म्हणजे अडगळ वाटते, आणि अडगळ टाकून द्यायचेच तिला पैसे मिळालेले असतात.

दुसरे कारण मंजुरीच्या पद्धतीत आहे. नवी साइट संचालकांना दाखवली जाते ती चित्र म्हणून. मोठ्या पडद्यावर, दिवे मंद करून, एकेक पान सरकवत. चित्रात शीर्षक मोठे दिसते, पण ते सांगाड्यातही शीर्षक आहे की नुसता जाड केलेला मजकूर आहे, हे चित्र सांगत नाही. बटन दिसते, पण ते खरे बटन आहे की रंगवलेली चौकट, हे कळत नाही. चित्र मंजूर झाले की काम मंजूर झाले, असा सर्वांचा समज होतो आणि पुढे बांधणारा माणूस, त्याच्या हाताशी असलेल्या तयार साच्यातून चित्राशी जुळेल असे काहीतरी उभे करतो. मग विपणन विभाग गप्पांची खिडकी जोडतो, जाहिरात विभाग किती लोक आले हे मोजणारे चार कोडतुकडे टाकतो, आणि साच्यात जे थोडेफार नीट होते तेही झाकले जाते.

तिसरे कारण थोडे कडू आहे. तपासणी ज्यांच्या फोनवर होते ते फोन नवे असतात, कचेरीचे वाय-फाय जलद असते आणि पाहणाऱ्यांचे डोळे तरुण असतात.

पण आमच्या ब्राउझरमध्ये पान उत्तम दिसते. मग नक्की बिघडले काय?

चुकीचे एचटीएमएल समोर आले तरी हार न मानता त्याचा अर्थ लावायचा आणि तो सर्व ब्राउझरांनी एकाच रीतीने लावायचा, हे आता मानकातच सांगितलेले आहे. त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. ती कानांना मात्र ऐकू येते.

मधुमेहाने दृष्टी मंदावलेली माझी मावशी लोकमान्यनगरात राहते. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) लावून ती एका सेवा कंपनीचे बिल दर महिन्याला स्वतः भरत असे. जुन्या पानावर टॅबची कळ दाबली की ‘ग्राहक क्रमांक’ ऐकू येई, पुन्हा दाबली की ‘रक्कम’, तिसऱ्यांदा ‘बिल भरा, बटन’. तीन कळा आणि एन्टर. कंपनीने साइट नवी केली, त्या महिन्यात तिचा मला फोन आला. शेजारी बसून मीही ऐकले. पहिल्या टॅबला ‘एडिट’. दुसऱ्या टॅबला पुन्हा ‘एडिट’. तिसऱ्या टॅबला थेट पानाच्या तळाशी असलेला फेसबुकचा दुवा. ‘ग्राहक क्रमांक’ हे शब्द पेटीच्या डोक्यावर ठळकपणे छापलेले होते, पण पेटीशी त्यांचे नाते सांगणारा लेबलचा टॅग काढून टाकला होता. ‘बिल भरा’ ही भगवी, गोल कोपऱ्यांची सुरेख चौकट बटन नव्हतीच. तो नुसता डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेली चौकट, होता, माउसने टिचकी मारली तरच चालणारा, कीबोर्डला न दिसणारा. बटनाचा टॅग वापरला असता तर हे सारे आपोआप मिळाले असते, आणि तो टॅग वापरायला खर्च शून्य आहे. मावशी आता बिल भरण्यासाठी शेजारच्या मुलाला हाक मारते. साइट मात्र ‘सुटसुटीत’ झाली आहे.

मराठी मजकुराला यापेक्षा वेगळा त्रास होतो का?

होतो, आणि इंदूरसारख्या ठिकाणी अधिक होतो, कारण येथे मराठी साइट बांधणारे हात बहुधा हिंदीभाषक असतात आणि साचा इंग्रजीचा असतो.

पहिली गोष्ट भाषेच्या खुणेची. पानाच्या अगदी सुरुवातीला ‘लँग’ या गुणधर्मात मजकुराची भाषा सांगायची असते; मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’. साच्यात ‘ईएन’ असते ते तसेच राहते, किंवा आधीच्या हिंदी कामातून ‘एचआय’ उतरते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण स्क्रीन रीडर कोणत्या आवाजात वाचायचे हे या खुणेवरून ठरवतो. हिंदी आवाजाला ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च सारखेच. शिवाय काही देवनागरी फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, आणि पान मराठीचे आहे असे सांगितले तरच ते उमटतात. दोन रोमन अक्षरांची ही दुरुस्ती आहे. ती न करण्याला मी आळसाशिवाय दुसरे नाव देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. एका शिकवणीवर्गाच्या नव्या अर्जात नावाच्या रकान्याला ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम लावला होता, आणि तो देवनागरीलाही चालेल अशी लिहिणाऱ्याची समजूत होती. युनिकोडच्या हिशेबात मात्र क, ह, ड ही अक्षरे आहेत आणि काना, वेलांटी, हलन्त ही अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव संगणकाला असे दिसते : क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, क, र. आठपैकी दोन जोडचिन्हे, म्हणून अर्ज नामंजूर. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, ‘कृपया योग्य नाव लिहा.’ एका गृहस्थांना त्यांचे आडनाव अयोग्य असल्याचे अशा रीतीने प्रथमच कळले.

तो नियम काढल्यावर पुढचा दगड निघाला. युनिकोडची चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे या आडनावाला चोवीस बाइट लागतात. डेटाबेसमध्ये आडनावाला वीस बाइटची जागा होती, जी इंग्रजीत सहसा पुरते. परिणामी ‘कऱ्हाड’ एवढे शिल्लक राहिले आणि त्यापुढे मोडलेल्या चिन्हाची प्रश्नचिन्हांकित चौकट. त्यातच ऱ हे चिन्ह एकसंध लिहिता येते, तसेच र आणि खालचा नुक्ता (टिंब) अशा दोन तुकड्यांतही लिहिता येते. युनिकोडने दोन्ही एकच मानली आहेत आणि शोध घेण्यापूर्वी ती एका रूपात आणण्याची पद्धतही सांगितली आहे, पण ती वापरली नाही तर एका कीबोर्डवरून नोंदवलेले नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधल्यास सापडत नाही.

तिसरी गोष्ट सजावटीची. इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडण्याची सध्या आवड आहे. तोच नियम मराठी शीर्षकाला लागला की शिरोरेषेला भेगा पडतात आणि शब्द दोरी तुटलेल्या माळेसारखा दिसतो. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बेतली की वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात. हे दोष सीएसएसचे नव्हेत. भाषेनुसार वेगळा नियम लावण्याची सोय सीएसएसमध्ये फार पूर्वीपासून आहे, फक्त ‘लँग’ची खूण बरोबर असावी लागते. म्हणजे आपण पुन्हा त्या दोन रोमन अक्षरांपाशी आलो.

कार्यक्रमपत्रिका चित्र म्हणून टाकली तर काय बिघडते?

ती शोधात सापडत नाही, मोठी करून वाचताना धूसर होते, आणि स्क्रीन रीडर तिला ‘ग्राफिक’ एवढेच म्हणतो. युनिकोड येण्यापूर्वी मराठी मजकूर खास फाँटांत अडकलेला असे आणि तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी दिसे. त्यातून सुटका झाल्यावर मजकूर पुन्हा चित्रात कोंडून घालणे मला तरी समजत नाही. चित्र हवे असेल तर ठेवावे. त्याखाली तोच मजकूर टंकलिखित द्यावा.

नवी साइट आल्यावर जुने पत्ते चालले नाहीत तर चालेल का?

नाही. चांगले पत्ते बदलत नसतात, हे बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले आहे. पत्ता बदलणे अटळ असेल, तर जुन्या पत्त्यावर आलेल्यास नव्या पत्त्यावर कायमचे पाठवण्यासाठी ३०१ या क्रमांकाचा संकेत प्रमाणित आहे आणि शोधयंत्रांनाही तो समजतो.

येथील एका शेव उत्पादकाच्या पाकिटांवर क्यूआर छापलेला होता, त्यातून घटकांची माहिती आणि तक्रारीचा अर्ज उघडत असे. नवी साइट सुरू झाली त्या दिवशी छापील पाकिटांची मोठी खेप बाजारात आणि गोदामात होती. क्यूआर जुन्या पत्त्यावर नेत होता आणि तेथे ‘४०४’ (पान सापडले नाही, याचा संकेत) लिहिलेले एक हसरे कार्टून उभे होते. कार्टूनवर एजन्सीने मेहनत घेतली होती, यात शंका नाही. जुन्या पत्त्यांची यादी काढून ३०१ लावायला मला जेवणाच्या सुट्टीएवढा वेळ लागला.

सगळे जावास्क्रिप्टवर बांधले आहे. ते मानकाविरुद्ध आहे का?

नाही, पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषाही प्रमाणितच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी एचटीएमएलमध्ये मजकूर आणि अर्ज, त्यावर सीएसएस, त्यावर जावास्क्रिप्ट, असा क्रम ठेवला तर वरचा थर कोसळला तरी खालचा राहतो. उलट सर्व काही वरच्याच थराने रंगवायचे ठरवले, तर तो उतरेपर्यंत पान पांढरे राहते. रंगपंचमीच्या गेरीच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी इंदूरच्या राजवाड्याभोवती उभे राहून आपल्या दुकानाची साइट उघडून पाहावी. एवढ्या गर्दीत नेटवर्क रेंगाळते, आणि दुकानाचा पत्ता व फोन क्रमांक एवढीच माहिती हवी असलेल्या माणसाला फिरणारे वर्तुळ पाहावे लागते.

व्हॅलिडेटरने चाळीस चुका दाखवल्या. घाबरावे का?

आकड्याला घाबरू नये. कन्सॉर्शियमचा हा तपासक, म्हणजे व्हॅलिडेटर, सर्व चुका एका रांगेत मांडतो, त्यांचे वजन सांगत नाही. कालबाह्य गुणधर्म राहिला असेल तर वाचकाचे फारसे काही बिघडत नाही. एकच ओळखनाव दोन पेट्यांना दिलेले असेल, चित्राला पर्यायी मजकूर नसेल, तर बिघडते. उलट, शून्य चुका म्हणजे साइट उत्तम, असेही नाही. वर सांगितलेला रंगीत डिव्ह तपासकाच्या नजरेत पूर्णपणे निर्दोष असतो.

एक ओळ जोडली की साइट सर्वांना सुलभ होते, असे विजेट मिळते. ते घ्यावे का?

घेऊ नये. नसलेले बटन बाहेरून डकवता येत नाही. असे विजेट विकणाऱ्या एका कंपनीच्या दाव्यांबद्दल ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये तिच्याविरुद्ध कारवाई जाहीर केली, आणि तिला दहा लाख डॉलर भरावे लागले.

भारतात याबाबत कायदा आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची सुलभता त्यात समाविष्ट आहे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक याच विषयाचे आहे. सुलभतेचे नियम नुसते शिफारसवजा असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. युरोपात ग्राहकांना ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना तेथील सुलभता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या ज्या उद्योगांचे ग्राहक तिकडे आहेत, त्यांनी आपल्या वकिलाला हे विचारून ठेवावे.

कोटेशन घेताना एजन्सीकडून काय लिहून घ्यावे?

‘मानकांनुसार काम करू’ एवढे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते प्रत्येक कोटेशनमध्ये असते. मोजता येईल असे लिहून घ्यावे. सुलभतेच्या तत्त्वांची २.२ आवृत्ती, डबल-ए ही मधली पातळी, असा स्पष्ट उल्लेख असावा. त्यात साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजेडातला फरक किमान ४.५ ला १ असावा असे सांगितलेले आहे. सध्या आवडीची असलेली फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर बहुधा येथेच नापास होतात. बोटाने दाबायच्या जागा, काही अपवाद सोडल्यास, किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेलच्या असाव्यात हेही त्यातच आहे. जुन्या पत्त्यांची यादी आणि प्रत्येकापुढे नवा पत्ता, हा तक्ता साइट सुरू होण्याआधी हाती यावा. नमुना नावे आपणच द्यावीत : कऱ्हाडकर, वऱ्हाडपांडे, आणि आडनाव न लावणारी एखादी व्यक्ती. पैशाचा शेवटचा हप्ता या तपासणीनंतरच द्यावा. एजन्सी कुरकुर करते, पण चांगली एजन्सी फार वेळ करत नाही.

तांत्रिक माहिती नसताना आम्ही स्वतः काय तपासू शकतो?

माउस बाजूला काढून फक्त टॅब, शिफ्ट, एन्टर, स्पेस आणि बाणांच्या कळा यांच्या आधारे आपल्याच साइटवर एक खरेदी किंवा एक अर्ज पूर्ण करून पाहावा. आपण कोठे आहोत हे पडद्यावर कोणत्याही क्षणी कळले नाही, तर तेथे दोष आहे. मग ब्राउझरमध्ये पान दुप्पट मोठे करावे आणि काही कापले जाते का ते पाहावे. एनव्हीडीए उतरवून एचची कळ दाबत गेल्यास पानावरची शीर्षके क्रमाने ऐकू येतात; काहीच ऐकू आले नाही, तर ती मोठी अक्षरे शीर्षके नाहीत. या सगळ्याला अर्धा तास पुरतो.

आमची नवी साइट सुरू होऊन वर्ष झाले. आता सगळे पुन्हा करावे लागेल का?

सहसा नाही. सांगाडा दुरुस्त करताना रंगरूपाला हात लावावा लागत नाही, कारण दोन्ही वेगळे ठेवण्यासाठीच ही मानके आहेत. ज्या पानावर पैसे किंवा अर्ज येतात ते आधी घ्यावे : तेथील लेबले, बटने, भाषेची खूण. त्यानंतर जुने पत्ते. सर्व्हरच्या नोंदींत ४०४ कोणत्या पत्त्यांवर वारंवार येते ते दिसते, तेवढ्यांना आधी ३०१ लावावा. जुन्या साइटची प्रत एजन्सीकडे किंवा होस्टिंगवर शिल्लक असेल तर ती आजच मागून घ्यावी. वर्ष उलटल्यावर अशा प्रती बहुधा जागा मोकळी करण्याच्या नावाखाली पुसल्या जातात, आणि आधीच्या माणसाने काय काय नीट केले होते याची तेवढीच एक नोंद उरलेली असते.